मिठाचा दिवा खरा कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी आणि लग्न-वास्तुशांतीच्या दिवसांत मला हमखास फोटो येतात. गुलाबी-नारिंगी दगड, आत बल्ब आणि खाली एकच ओळ: "ताई, हा खरा आहे ना? घेऊ का?" नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, पण काय बघायचं ते सांगता येतं. गेली काही वर्षं मी हे दिवे वापरते आहे, बिघडले की उघडूनही बघते, आणि एकदा सपशेल फसले आहे. तेच तेच विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. यासाठी दगडांचा अभ्यास लागत नाही. ज्याने पावसाळ्यात मिठाची बरणी सांभाळली आहे, त्याला यातलं बरंचसं आधीपासून ठाऊक असतं.

खरा मिठाचा दिवा म्हणजे नेमकं काय?

खाणीतून काढलेल्या सैंधवाचा अखंड खडा. खालून भोक पाडून पोकळ केलेला, आत होल्डर आणि छोटा बल्ब. उपासाला आपण जे शेंदेलोण वापरतो, तेच हे मीठ. त्यात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी ते विटकरी रंग येतो तो लोहाच्या अंशामुळे, म्हणजे साध्या भाषेत गंजाच्या कणांमुळे. ही गंजाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे खरं-खोटं करताना तीच कामाला येते.

"हिमालयन" लिहिलंय म्हणजे हिमालयातलं ना?

नाही. या दिव्यांचं मीठ मुख्यतः येतं ते पाकिस्तानातल्या पंजाबमधून, झेलम जिल्ह्यातल्या खेवडा खाणीतून. ही खाण ज्या डोंगररांगेत आहे तिचं नावच सॉल्ट रेंज. ती पोटवार पठाराच्या दक्षिण कडेला आहे, बर्फाच्या शिखरांपासून पुष्कळ लांब. पन्नास कोटी वर्षांपेक्षाही आधी तिथे समुद्र आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. आज वापरात असलेला मुख्य बोगदा १८७२ साली वॉर्थ नावाच्या खाण-अभियंत्याने काढला. "हिमालयन" हे विकण्यासाठी दिलेलं नाव आहे. ते नाव खोक्यावर असलं म्हणून दिवा खराही ठरत नाही आणि नकलीही नाही.

या खाणीबद्दल तिथे एक दंतकथा सांगतात. इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरची फौज तिथे थांबली, तेव्हा घोडे दगड चाटू लागले आणि त्यावरून मीठ सापडलं. खरं-खोटं कोण सांगणार! मला मात्र ही कथा ऐकली की 'सैंधव' हा शब्द आठवतो. सिंधूच्या प्रदेशातलं ते सैंधव, आणि संस्कृतात त्याचे अर्थ दोन: मीठ आणि घोडा. "सैंधव आण" असं जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं आणि प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा, हे जुनं उदाहरण संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल.

मग भारतात आज खरा दिवा मिळतो का?

मिळतो, पण पूर्वीसारखा सहज नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क बसलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २ मे २०२५ पासून तिथून येणारा सगळाच माल बंद झाला, तिसऱ्या देशातून वळवून आणायलाही मनाई झाली. त्यामुळे "पाकिस्तानचा अस्सल, नुकताच आलेला माल" असं कोणी सांगत असेल, तर तिथेच सावध व्हा. दुकानात जुना साठा असू शकतो. गुलाबी मीठ इतरत्रही निघतं, उदाहरणार्थ इराणात किंवा पोलंडमधल्या क्लोडावा खाणीत, तेव्हा दुसऱ्या देशाचा दिवाही खरा असू शकतो.

"आमचा दिवा भारतातल्या खाणीचा" असं म्हणणाऱ्याला मात्र जरूर विचारा, कुठली खाण? आपल्याकडे खाणीतलं सैंधव म्हटलं की हिमाचलातला मंडी जिल्हा, गुमा आणि द्रंग. ते मीठ गडद आणि मातकट असतं. दिव्यात लागतो तसा आरपार उजळणारा गुलाबी खडा तो नव्हे.

नकली दिवे कशाचे असतात?

चार प्रकार माझ्या पाहण्यात आले.

पहिला रेझिनचा किंवा प्लॅस्टिकचा. हा साच्यातून निघतो, हलका असतो आणि बोटाला कोमट लागतो. दुसरा काचेचा. तिसरा दुसऱ्याच दगडाचा, म्हणजे अलाबास्टर किंवा नारिंगी ऑनिक्स. हे दगड सुंदर असतात, त्यांचे दिवेही देखणे होतात, फक्त ते मीठ नव्हे.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. साध्या मिठाचा चुरा रंगवायचा, दाबून गोळा करायचा आणि "नैसर्गिक खडा" म्हणून गळ्यात मारायचा. चव बघितली तर खारट, पाण्यात टाकला तर विरघळतो. म्हणजे सगळेजण सांगतात त्या दोन्ही परीक्षांत हा पास!

दुकानात उभ्या उभ्या काय बघायचं?

दिवा उलटा करा. सगळं तिथे असतं.

वरची बाजू विकणाऱ्याने पुसूनपासून, कधी वार्निश मारून ठेवलेली असते. खालच्या भोकाकडे कोणी लक्ष देत नाही. खऱ्या दिव्यात ते भोक ड्रिलने पाडलेलं असतं: आतल्या भिंतीवर गोल गोल चरे, कडेला टवके, बोट फिरवलं की पांढरट चुरा. टवका उडालेली जागा उजेडात तिरकी धरा. सैंधव फुटतं ते काटकोनात, त्यामुळे तिथे छोटे सपाट आरसे चमकतात, पायऱ्या पायऱ्या दिसतात. दाबून केलेल्या गोळ्यात हे आरसे नसतात, तुटलेल्या साखरेच्या क्यूबसारखे सुटे दाणे दिसतात. रेझिनच्या दिव्यात भोक गुळगुळीत असतं आणि बरेचदा अंगावरून साच्याची बारीक रेघ गेलेली सापडते.

त्याच आकाराचे दोन-तीन दिवे मागवा आणि शेजारी ठेवा. एकाच्या पोटावरची पांढरी शीर दुसऱ्यावर जशीच्या तशी असेल, तर दोन्ही साच्यातले. डोंगर अशी नक्कल करत नाही.

मग दिवा लावायला सांगा. खऱ्याचा उजेड मंद आणि असमान पडतो. कुठे नारिंगी, कुठे पिवळट, कुठे शिरेमुळे काळपट. तळापासून टोकापर्यंत एकसारखा उजळला किंवा खोलीभर लख्ख प्रकाश पडला, तर संशय घ्या. आकारावर मात्र जाऊ नका. गोल, पिरॅमिड, पानाच्या आकाराचे दिवेही खऱ्या मिठातून कोरतात. रंगावरही जाऊ नका. खेवड्याला पांढरं मीठही निघतं, तेव्हा पांढरा दिवा म्हणजे नकली असं समीकरण नाही. आणि किमतीचं तर विचारूच नका, मला नकली दिवा भारी किमतीतच मिळाला होता.

वजनावरून कळतं का?

बरंचसं कळतं. मीठ पाण्याच्या सव्वादोन पटींच्या जरा आतबाहेर जड असतं. म्हणजे ३ किलोच्या दिव्यात सुमारे १.४ लिटर मीठ, साधारण दीड लिटरच्या पाण्याच्या बाटलीहून थोडं कमी आकारमान. खोक्यावर ३ किलो लिहिलंय आणि दिवा कळशीएवढा आहे, तर काहीतरी पोकळ आहे. तेवढ्याच आकाराचा भरीव रेझिनचा दिवा पावणेदोन किलोही भरत नाही. पण अलाबास्टर वजनाला मिठाच्या जवळपासच असतो, ऑनिक्स तर जास्तच जड. म्हणून वजनाने प्लॅस्टिक पकडता येतं, दगड नाही.

घरी आणल्यावर पक्की खात्री कशी करायची?

मी करते ती परीक्षा सांगते. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि चारही प्रकारचे नकली दिवे यात उघडे पडतात.

प्लग काढा, बल्ब-होल्डर बाहेर घ्या. भोकाच्या आतून सुरीच्या टोकाने चमचाभर चुरा खरवडा. तो एका स्वच्छ काचेच्या पेल्यात अर्ध्या पेला पाण्यात टाका, ढवळा आणि पेला न हलवता ठेवून द्या.

सुरीने चुरा निघालाच नाही: काच. चुरा न विरघळता तसाच राहिला, पाणी खारट झालं नाही: दगड किंवा रेझिन. चुरा विरघळला आणि सगळं पाणी गुलाबी सरबतासारखं झालं: रंगवलेलं मीठ. चुरा विरघळला, पाणी आधी किंचित गढूळ झालं आणि मग निवळून वर स्वच्छ राहिलं, तळाशी मात्र विटकरी गाळाचा बारीक थर बसला: हे सैंधव. कारण तोच सुरुवातीचा गंज. लोहाचा गंज पाण्यात विरघळत नाही, तो खाली बसतो. खाण्याचा रंग किंवा डाय विरघळतो आणि पाण्यातच राहतो. पांढऱ्या दिव्यात गाळ जवळजवळ दिसणार नाही, तिथे वर सांगितलेले सपाट आरसे शोधा.

चुरा काढायचा नसेल तर ओला पांढरा कापूस तळाशी घासा. कापसाला फारतर मातकट छटा येईल. गुलाबी डाग पडला तर रंग वरून दिलेला आहे.

जीभ लावून बघितली तर?

अनेक हातांतून आलेली वस्तू आहे, थेट चाटू नका. पुसून घ्या, ओलं बोट भोकाच्या आत फिरवा आणि ते जिभेला लावा. बाहेरून वार्निश असेल तर खरा दिवाही बेचव लागतो. आणि खारट लागला म्हणजे सैंधवच, असंही नाही. चौथा प्रकार आठवा.

खऱ्या दिव्याला पाणी सुटतं म्हणतात, ते खरं?

अगदी खरं. मी फसले ते यावरूनच कळलं.

एका प्रदर्शनातून मी मोठ्या हौसेने दिवा घेतला आणि रत्नागिरीला माहेरी दिला. आषाढ गेला, श्रावण गेला. त्या घरात पापड दुपारपर्यंत मऊ पडतात, भिंतींना ओल येते, आईच्या मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो. आणि हा दिवा कोरडा ठणठणीत! आईच म्हणाली, "अगो, ह्याला घाम कसा फुटत नाही? हे मीठ नव्हेच." उलटा करून पाहिला तर साच्याची रेघ. माझ्या आधी तिने ओळखलं, बरणीवरून.

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतला ओलावा ओढून पाझरायला लागतं. कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस त्याच्या वरच असते. त्यामुळे बंद ठेवलेला खरा मिठाचा दिवा तिथे जुलैमध्ये ओला होणारच, खाली थारोळं साचेल. सोलापूर-नगरकडे मात्र उन्हाळ्यात महिनोन् महिने कोरडा राहील. त्यावरून तो खोटा ठरत नाही.

मग पावसाळ्यात तो वितळून जाईल?

लावलेला ठेवलात तर नाही. बल्बच्या उबेने खडा कोमट राहतो, पृष्ठभागालगतची हवा कोरडी पडते आणि ओलावा धरत नाही. दिवा लाकडी फडताळावर ठेवू नका. चिनी मातीच्या बशीत किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा. आमच्या सागवानी कपाटावर एक पांढरा गोल कायमचा उमटलाय, गणपतीला गावी गेलो तेव्हाचा. आठ दिवस घर बंद, दिवा बंद, बाहेर धो धो पाऊस. आता गावी जायचं असलं की प्लग काढते, दिवा कोरड्या पंचात गुंडाळते आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवते.

एलईडी बल्ब चालेल का?

उजेड पडेल, ऊब नाही. कोरड्या गावात चालतो. किनारपट्टीला पिवळा फिलॅमेंटचाच बल्ब हवा. २-३ किलोच्या दिव्याला १५ वॉट पुरतो. आपला जुना 'झिरोचा बल्ब' नावाला शून्य वॉटचा, प्रत्यक्षात १२-१५ वॉट घेतो, तो होल्डरला बसत असेल तर उत्तम. मोठ्या खड्याला २५ वॉट. उजेड वाढवायला त्याहून मोठा बल्ब घालू नका, होल्डर तापतो.

खडा खरा आहे, म्हणजे काळजी मिटली ना?

नाही, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. लोक खड्याची दहा वेळा खातरजमा करतात आणि वायरकडे बघतही नाहीत. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि धातू खातं. खऱ्या दिव्याला पाणी सुटतं, म्हणून वायरची काळजी खऱ्या दिव्यालाच जास्त. मी उघडलेल्या एका दिव्यात होल्डरच्या स्प्रिंग-क्लिपा गंजून बोटाने चुरल्या आणि पितळी भागावर हिरवा थर चढला होता. वरून दिवा छान दिसत होता!

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ८०,००० मिठाचे दिवे बाजारातून परत मागवावे लागले होते. कारण मीठ नव्हतं, डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) आणि प्लग तापून पेट घेण्याचा धोका होता.

म्हणून घेताना वायर हातात धरून बघा. पातळ, कडक, लगेच मोडेल अशी नको. प्लगवर आयएसआय खूण आहे का ते पाहा. अर्धा तास लावून डिमरला हात लावा, चटका बसला तर परत द्या. घरी वायर अशी सोडा की ती आधी सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर जाईल. म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खालीच टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. आणि पावसाळा संपला की एकदा होल्डर बाहेर काढून पुसा.

खऱ्या दिव्याने हवा शुद्ध होते, दमा कमी होतो?

नाही. मीठ अत्यंत स्थिर पदार्थ आहे, ८०० अंशांच्या वर तापवलं तेव्हा कुठे वितळतं. १५ वॉटच्या बल्बने ते हवेत काही सोडत नाही. दम्याचा पंप आणि डॉक्टरांची औषधं यांच्या जागी दिवा ठेवू नका. मीठ-मोहरीने दृष्ट काढणाऱ्या घरात मी वाढले, कोणी श्रद्धेने देवघरापाशी दिवा लावला तर मला त्यात गैर वाटत नाही. पण विकणाऱ्याने तब्येतीच्या नावाखाली दुप्पट पैसे घेऊ नयेत.

घरात मांजर आहे, चालेल?

उंचावर, तिला पोचता येणार नाही असा ठेवा. गोठ्यात गुरांना चाटण वीट टांगतात ती गुरांसाठी, मोजूनमापून. मांजर-कुत्र्याने असा खडा रोज चाटला तर मिठाची विषबाधा होऊ शकते. रेझिनच्या, काचेच्या किंवा दुसऱ्या दगडाच्या नकली दिव्यात हा धोका नाही, हेही सांगून टाकते; रंगवलेल्या मिठाच्या गोळ्यात मात्र आहे.

ऑनलाइन घेताना काय विचारू?

तळाचा फोटो मागा. तो देत नसतील तर पुढे जाऊ नका. वस्तूच्या माहितीत मूळ देश लिहिलेला असायलाच हवा, ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तशी सक्ती आहे. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि एमआरपी बघा. "भारत" लिहिलं असेल तर विचारा की वायर भारतात जोडली की मीठही इथलं आहे. "प्रत्येक नगाचा रंग आणि वजन थोडं वेगळं असेल" असं लिहिलेलं असलं तर मला बरं वाटतं. ३ किलोचा नेमका तीनच किलो भरणारा दिवा डोंगरातून निघत नाही, २ ते ३ किलो असं सांगणारा विक्रेता प्रामाणिक वाटतो.

नकली निघाला तर?

पेल्यातल्या पाण्याचा, साच्याच्या रेघेचा आणि खोक्यावरच्या मजकुराचा फोटो काढा, बिल जोडा, आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मी माझ्या वेळी बिलच घेतलं नव्हतं, तिथेच विषय संपला.

तो रेझिनचा दिवा अजून रत्नागिरीला आहे. उजेड छान पडतो, पावसाची कटकट नाही. कोकणात नुसता गुलाबी उजेड हवा असेल तर असा दिवा घ्यायला माझी हरकत नाही, फक्त तो रेझिनचा म्हणून विकला जावा आणि रेझिनच्या किमतीत.

भावाने अमेरिकेहून आणलाय, इथे चालेल?

खडा चालेल, वीज नाही. तिथला बल्ब १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. नुसता प्लगला अडॅप्टर लावून चालू केलात तर बल्ब फटकन उडेल. इलेक्ट्रिशियनकडून होल्डर, वायर, डिमर सगळंच इथलं बसवून घ्या.

दिवा पडून फुटला. तुकडे उपासाच्या खिचडीत घालू का?

नको. खाण्यासाठी म्हणून तो स्वच्छ केलेला नसतो. ड्रिलची धूळ, वार्निश, होल्डरचा गंज, वर्षभराची घरातली धूळ, सगळं त्यात मुरलेलं असतं. कोमट पाण्यात टाकून पाय शेकायला वापरा. कुंडीत टाकू नका, झाड मरतं. आणि तुटलेल्या कडेकडे एकदा उन्हात धरून बघा, ते काटकोनातले आरसे इतके स्वच्छ एरवी दिसत नाहीत.